नोकरदार स्त्रीचा कपडा आणि लेबलावरचे मौन : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : स्त्रियांच्या परवडणाऱ्या तयार कपड्यांवर तंतू, वजन आणि टिकाऊपणा यांची माहिती छापणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

मॉलमध्ये आणि साखळी दुकानांत मध्यम किमतीला मिळणाऱ्या स्त्रियांच्या कपड्यांची प्रत खालावत चालली आहे, ही तक्रार आता देशभरातील नोकरदार स्त्रियांच्या बोलण्यात सतत येते आणि उज्जैनही तिला अपवाद नाही. नानाखेड्याकडचा मॉल असो की फ्रीगंजमधले दुकान, सहाशे ते बाराशे रुपयांत घेतलेली कुर्ती काही धुण्यांतच विटते, तिच्यावर गोळे धरतात, मुंड्याशी शिवण उसवते आणि ट्राउझरचे गुडघे फुगून बसतात, असे या तक्रारीचे एकंदर स्वरूप आहे. तिची जबाबदारी कोणी व्यापाऱ्याच्या लोभावर टाकतो, तर कोणी स्वस्ताईच्या मागे लागलेल्या ग्राहकावर. प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन मात्र असे आहे की, या घसरणीचे मूळ विक्रीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या माहितीच्या अभावात आहे, आणि ही माहिती मागण्याचा अधिकार ज्या नियमांतून येऊ शकतो ते नियम आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येत असल्यामुळे उपायही तेथूनच व्हायला हवा.

हा प्रश्न हौसेच्या कपड्यांचा नाही. उज्जैनमधील शिक्षिका, बँकेतील कर्मचारी, न्यायालयातील लिपिक, रुग्णालयाच्या स्वागतकक्षातील सेविका किंवा सुमारे 55 किलोमीटरवरच्या इंदूरला रोज बसने जाऊन येणारी अभियंता यांच्यासाठी पाच-सहा जोड कपडे ही कामाची साधनसामग्री असते.  पुरुषांच्या कार्यालयीन पोशाखाचे कापड आणि कट दशकानुदशके जवळजवळ स्थिर राहिले आहेत; स्त्रियांच्या बाबतीत मात्र साडीकडून सलवार-कमीजकडे, तेथून कुर्ती-लेगिंगकडे आणि पुढे शर्ट-ट्राउझरकडे झालेले स्थित्यंतर दोन-तीन दशकांत उरकले, आणि प्रत्येक टप्प्यावर 'चांगले कापड' ओळखण्याचे जुने निकष निरुपयोगी होत गेले. शिवाय स्त्रीचा कपडा अंगाला अधिक बेताचा बसवला जात असल्यामुळे त्याच्या शिवणींवर ताण अधिक येतो, त्याचे कापड बहुधा पातळ असते, अस्तर वगळण्याकडे कल असतो, आणि माळव्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर गेला की घामामुळे तो कपडा एकदा घालून लगेच धुवावा लागतो. वापर सर्वांत कठोर आणि बनावट सर्वांत नाजूक, अशी या वस्तूची स्थिती आहे.

कपड्याची प्रत हा शब्द सैलपणे वापरला जातो. म्हणून तिचे घटक वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला घटक तंतू, म्हणजे कापूस, पॉलिएस्टर, व्हिस्कोस यांसारखा मूळ धागा आणि त्यांच्या मिश्रणाचे प्रमाण. बाजारात रेयॉन या नावाने विकला जाणारा व्हिस्कोस स्पर्शाला मऊ आणि दिसायला झळाळीदार असतो, परंतु ओला झाल्यावर त्याचे बळ निम्म्याच्या आसपास उतरते. कापसाचे बळ उलट ओलेपणी वाढते. त्यामुळे रोज धुण्याच्या कपड्यात हा फरक थेट आयुर्मानावर परिणाम करतो. दुसरा घटक कापडाचे वजन, जे एका चौरस मीटरला किती ग्रॅम अशा मापात सांगितले जाते आणि व्यवसायात 'जीएसएम' म्हणून ओळखले जाते. उदाहरणादाखल, एखादे कापड 120 ग्रॅमवरून 95 ग्रॅमवर आणले तर सुमारे एक पंचमांश सूत वाचते. हँगरवर लटकलेल्या कपड्यात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि पातळ कापड भरदार वाटावे म्हणून दिलेली खळ किंवा सिलिकॉनची मऊ प्रक्रिया पहिल्या काही धुण्यांत निघून गेल्यावरच तो हाताला कळतो.

तिसरा घटक रंगाचा पक्केपणा. कापसावर वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंध जोडतात, मात्र रंगाईनंतर न चिकटलेला रंग गरम पाण्याने व साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. पाणी, वाफ आणि वेळ वाचवण्यासाठी ही धुलाई आखडती घेतली की उरलेला रंग ग्राहकाच्या बादलीत उतरतो. चौथा घटक शिवण, म्हणजे एका इंचात पडणाऱ्या टाक्यांची संख्या, दोऱ्याची जात आणि शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, ज्याला शिंपी 'माया' म्हणतात. इंचाला बारा टाक्यांऐवजी आठ टाके घातले तर यंत्र लवकर मोकळे होते आणि दोराही वाचतो. माया अर्ध्यावर आणली तर एकाच थानातून अधिक कपडे बेतता येतात. परंतु सैल विणीच्या कापडात तोकड्या मायेची शिवण ताणाखाली सरकते आणि कापड न फाटताच शिवणीच्या कडेला धाग्यांची जाळी उघडी पडते, आणि अंग वाढल्यास कपडा सैल करण्याची सोयही उरत नाही. या चारही ठिकाणी केलेली काटकसर खरेदीच्या क्षणी अदृश्य असते, हे या व्यवहाराचे मर्म आहे.

एके काळी ती अदृश्य नव्हती. विनोद मिल, हीरा मिल आणि नजरअली मिल यांनी उज्जैनला कापडगिरण्यांचे शहर अशी ओळख दिली होती, आणि त्या काळात कापड मुख्यतः मीटरवर विकले जाई. थानाच्या काठावर गिरणीचे नाव आणि टेरिकॉटसारख्या मिश्र कापडावर पॉलिएस्टर-कापसाचे प्रमाण छापलेले असे. ग्राहक स्त्री ते वाचत असे, कापड चिमटीत धरून उजेडाकडे पाहत असे, आणि पुढे शिंपी बेतण्यापूर्वी ते पाण्यातून काढून आटवून आणण्यास सांगत असे. अशा रीतीने गिरणीची छाप, ग्राहकाचा हात आणि शिंप्याचा अनुभव अशा तीन पायऱ्यांवर प्रतीची तपासणी होत असे. तयार कपड्यांच्या व्यवस्थेत या तिन्ही पायऱ्या एकदम नाहीशा झाल्या: बेतताना काठ कापून टाकला जातो आणि त्याच्यासोबत त्यावरील माहितीही जाते, शिंप्याची जागा दूरच्या कारखान्याने घेतली आहे, आणि मायक्रोफायबर पॉलिएस्टर हाताला सुती वाटू शकते इतकी प्रक्रियातंत्रे पुढे गेल्यामुळे हाताचा अनुभवही फसतो. तयार कपड्याने स्त्रीचा वेळ वाचवला आणि निवडीचे स्वातंत्र्य वाढवले, हे मान्य करायलाच हवे. प्रश्न इतकाच की, कापलेल्या काठावरची माहिती कपड्यावर पुन्हा आणण्याची व्यवस्था कोणी केली नाही.

ही पोकळी असताना किमतीचा दबाव सर्व बाजूंनी वाढत गेला. देशोदेशींच्या कापड-व्यापारावर कोटा लादणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था 1 जानेवारी 2005 रोजी संपुष्टात आली आणि जगभरातील उत्पादक एकमेकांशी थेट किमतीवर स्पर्धा करू लागले. पॉलिएस्टर कापसाहून स्वस्त राहिल्यामुळे त्याचा वाटा वाढत जाऊन 2023 मध्ये जगातील एकूण तंतू-उत्पादनाच्या अर्ध्याहून अधिक झाला. भारतात मे 2022 मध्ये 356 किलोच्या एका खंडी कापसाचा भाव 1 लाख रुपयांच्या पुढे गेला. अशा वेळी ठरलेल्या किमतीत कपडा बसवायचा तर कापसाचे प्रमाण किंवा कापडाचे वजन कमी करण्याचा मोह कोणत्याही उत्पादकाला होणे स्वाभाविक होते.

या दबावात करव्यवस्थेनेही नकळत भर घातली. वस्तू व सेवा कराच्या रचनेत 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 1,000 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर 12 टक्के कर होता. याचा अर्थ असा की, 1,000 रुपयांच्या कुर्तीत उत्पादकाने 100 रुपयांचे अधिक चांगले कापड घातले, तर ग्राहकाला द्यावी लागणारी रक्कम करासह 1,050 वरून 1,232 रुपयांवर जाई. 100 रुपयांच्या सुधारणेसाठी तिला 182 रुपये मोजावे लागत. प्रत वाढवण्यावरचा हा एक प्रकारचा दंडच होता. आता 5 टक्क्यांची मर्यादा 2,500 रुपयांपर्यंत वाढवली गेल्यामुळे तो अडथळा दूर झाला आहे. परंतु मधल्या पट्ट्यात खरोखर चांगला कपडा येईल की जुन्याच प्रतीचा कपडा अधिक किमतीला विकला जाईल, हे ग्राहकाला त्या दोहोंत फरक करता येतो की नाही यावर अवलंबून राहील.

विक्रेत्याला वस्तूची प्रत माहीत आहे आणि ग्राहकाला ती कळत नाही, अशा बाजाराचे काय होते याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले होते आणि माहितीच्या विषमतेवरील या कार्यासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. ग्राहकाला चांगले आणि वाईट वेगळे ओळखता येत नसेल तर ती चांगल्यासाठी अधिक पैसे देण्यास कचरते, चांगला माल करणाऱ्याला त्याचा खर्चही सुटत नाही, आणि तो एक तर बाजार सोडतो किंवा स्वतःच प्रत उतरवतो. स्त्रियांच्या परवडणाऱ्या कपड्यांच्या बाजारात हेच घडत असल्याची लक्षणे स्पष्ट आहेत. तेथे स्पर्धा रंग, नक्षी आणि किमतीच्या आकड्यावर, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टींवर होते. न दिसणाऱ्या गोष्टींवर प्रामाणिक राहणारा उत्पादक त्या स्पर्धेत मागे पडतो.

महोदय, या ठिकाणी आपल्या मंत्रालयाच्या नियमांचा प्रश्न उपस्थित होतो. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 हे वस्तूच्या वेष्टनावर कोणती माहिती असावी हे ठरवतात. सुट्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना 2022 मधील दुरुस्तीने यांपैकी अनेक घोषणांतून सूट दिली आणि मुख्यतः चार बाबी आवश्यक ठेवल्या: उत्पादक, विक्रेता किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, ग्राहक-सेवेचा ईमेल व दूरध्वनी, सेंटिमीटरमधील तपशिलासह आकार, आणि कमाल किरकोळ किंमत. व्यवसाय सुलभ करण्याचा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु या चार बाबींत कपडा कशाचा आहे, हे येत नाही. तंतूची टक्केवारी नाही, कापडाचे वजन नाही, रंगाचा पक्केपणा नाही. अनेक उत्पादक तंतूचे प्रमाण स्वेच्छेने छापतात, हे खरे आहे. तथापि स्वेच्छेची माहिती नेमकी तेथेच गळते जेथे ती देणे गैरसोयीचे असते.

अन्यत्र ही स्थिती नाही. अमेरिकेत तंतूंची नावे व प्रमाण सांगण्याचे बंधन 1958 च्या कायद्याने घातले आणि धुण्या-वाळवण्याच्या सूचनांचा नियम 1971 मध्ये आला. युरोपीय संघात 1007/2011 या क्रमांकाच्या विनियमानुसार तंतूंचे प्रमाण सांगणे आवश्यक आहे, आणि 2024 मध्ये लागू झालेल्या नव्या विनियमाने उत्पादनांचा टिकाऊपणा व दुरुस्तीयोग्यता यांच्यासाठीही निकष ठरवण्याचा मार्ग खुला केला असून वस्त्रे त्यातील अग्रक्रमाच्या गटात आहेत. भारतातून निर्यात होणाऱ्या कपड्यांवर ही माहिती शिवली जातेच. म्हणजे भारतीय शिवणकामगार स्त्री ज्या यंत्रावर परदेशातील ग्राहकासाठी माहितीचे लेबल जोडते, त्याच यंत्रावर देशातील ग्राहकासाठी शिवलेल्या कपड्यात त्या लेबलाचे बंधन राहत नाही. क्षमता देशात आहे, यंत्रणा आहे, सवयही आहे. देशांतर्गत ग्राहक स्त्रीसाठी ती वापरण्याचा आग्रह तेवढा राहिला आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, किंवा तशी मुदत नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे शुल्काविना दाखल करता येते. कपड्याच्या बाबतीत मात्र हे संरक्षण व्यवहारात तोकडे पडते. आठवड्यातून एकदा वापरलेली कुर्ती 30 दिवसांत चार वेळा धुतली जाते, आणि आखडत्या रंगाईचे किंवा हलक्या कापडाचे दोष बहुधा त्यानंतर उघड होतात. शिवाय लेबलावर कोणताही दावाच केलेला नसेल तर कोणता दावा खोटा ठरला, हे आयोगापुढे सिद्ध करणे सामान्य स्त्रीला जवळजवळ अशक्य होते. लेबलावरील घोषणा ही म्हणूनच केवळ खरेदीपूर्वीची माहिती नसून खरेदीनंतरचा पुरावाही असते.

माहितीच्या सक्तीने बाजार सुधारतो, याची उदाहरणे देशातच आहेत. उज्जैनच्या सराफ्यात दागिना घेणाऱ्या स्त्रीला सोन्याचा कस स्वतः पारखता येत नाही, म्हणून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांवर 2006 पासून आलेल्या ताऱ्यांच्या लेबलाने विजेचा वापर ही न दिसणारी गोष्ट एका दृष्टिक्षेपात वाचता येण्यासारखी केली. रेशमासाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हातमाग चिन्ह आहे. क्षिप्राकाठच्या भैरवगढमध्ये मेण वापरून केल्या जाणाऱ्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या कापडाची ओळख आणि गुण जपण्यासाठी राज्यव्यवस्थेने कायद्याचे बळ दिले आहे. सणासुदीच्या आणि संग्रहाच्या वस्त्रांसाठी जी काळजी घेतली गेली, ती वर्षातील अडीचशेहून अधिक दिवस अंगावर असणाऱ्या कामाच्या कपड्यासाठीही घेतली जावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

या मागणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लहान उत्पादकांवर भार पडेल. परंतु तंतूचे प्रमाण, वजन, आटणे आणि रंगाचा पक्केपणा यांची तपासणी प्रत्येक कपड्याची करायची नसते. ती कापडाच्या प्रत्येक खेपेची, कापड तयार होते त्या पातळीवर एकदा करून तिचे प्रमाणपत्र खालच्या साखळीकडे देता येते. 1963 च्या कायद्याने स्थापन झालेल्या वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळा, तसेच अहमदाबादची अटिरा आणि मुंबईची बीटीआरए यांसारख्या संशोधन संस्था हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, आणि रंगाच्या पक्केपणाला 1 ते 5 अशी श्रेणी देण्याच्या पद्धती भारतीय मानक ब्युरोने स्वीकारलेल्या आहेत. छोट्या उद्योगांना अधिक मुदत देऊन मोठ्या साखळी विक्रेत्यांपासून आरंभ केल्यास हा भार पेलता येण्याजोगा राहील.

दुसरा आक्षेप असा की, किंमत वाढेल आणि गरीब स्त्रीलाच फटका बसेल. येथे किंमत आणि खर्च यांत भेद करणे आवश्यक आहे. उदाहरणादाखल, 600 रुपयांची कुर्ती 25 वेळा घालता आली तर प्रत्येक वापराचा खर्च 24 रुपये पडतो. 1,000 रुपयांची कुर्ती 80 वेळा टिकली तर तोच खर्च साडेबारा रुपये होतो. कमी पगाराच्या स्त्रीला हा हिशेब समजत नाही असे मानणे अन्यायाचे आहे. घरखर्चाचा असा हिशेब ती रोजच मांडते, फक्त कपड्याच्या बाबतीत त्या हिशेबातील दुसरा आकडा तिच्यापासून दडवलेला असतो. स्वस्त कपडा विकण्यावर कोणतीही बंदी प्रस्तुत पत्र मागत नाही. एखाद्या समारंभापुरता कपडा हवा असेल तर तो घेण्याचे स्वातंत्र्य तिला असावेच, फक्त तो तेवढ्यापुरता आहे हे घेताना कळावे.

तिसरा आक्षेप असा की, लेबल कोणी वाचत नाही. ताऱ्यांच्या लेबलाचा अनुभव याच्या विरुद्ध आहे, आणि दुसरे असे की, माहिती उघड करावी लागणार या जाणिवेनेच उत्पादकाचे वर्तन बदलते. दहांपैकी एका ग्राहकाने जरी वजनाचा आकडा पाहिला, तरी शेजारच्या हँगरवरील कपड्याशी तुलना सुरू होते आणि साखळीचा खरेदी अधिकारी पुरवठादाराला त्या आकड्याविषयी विचारू लागतो.

या सुधारणेला आताची वेळ विशेष अनुकूल आहे. शेजारच्या धार जिल्ह्यात बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचा शिलान्यास 17 सप्टेंबर 2025 रोजी झाला, आणि माळवा-निमाडच्या कापसापासून तयार कपड्यापर्यंतची साखळी एकाच प्रदेशात उभी करण्याचे उद्दिष्ट त्यामागे आहे. अशा कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. प्रत मोजली आणि सांगितली गेली तर शिवणाऱ्या स्त्रीच्या कौशल्यालाही मूल्य येते, कारण इंचाला बारा टाके घालण्यासाठी लागणारा वेळ मग वाया गेलेला वेळ ठरत नाही. निव्वळ किमतीवर चालणाऱ्या स्पर्धेत मात्र तिची मजुरी आणि ग्राहक स्त्रीचा कपडा दोन्ही एकाच वेळी आखडते घेतले जातात. म्हणून या दोघींचे हित परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही.

उपरोक्त विवेचनाच्या आधारे आपल्या मंत्रालयाने पुढील पावले उचलावीत, अशी विनंती आहे. वैधमापन नियमांत दुरुस्ती करून तयार कपड्यांवरील चार आवश्यक बाबींत तंतूंच्या टक्केवारीची आणि धुण्याच्या सूचनांची भर घालावी, आणि ही माहिती हिंदी किंवा इंग्रजीबरोबर त्या त्या राज्याच्या भाषेतही देण्यास उत्तेजन द्यावे. दुसऱ्या टप्प्यात कापडाचे वजन, धुण्यानंतर आटण्याचे प्रमाण आणि रंगाच्या पक्केपणाची श्रेणी एका सोप्या चिन्हात दाखवणारे टिकाऊपणाचे लेबल भारतीय मानक ब्युरोकडून तयार करून घ्यावे. ते आरंभी ऐच्छिक ठेवून पुढे मोठ्या विक्रेत्यांसाठी बंधनकारक करावे, ज्यासाठी भारतीय मानक ब्युरो अधिनियम, 2016 च्या कलम 16 मध्ये केंद्र सरकारला अधिकार आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दुकानांतून नमुने घेऊन लेबलावरील दाव्यांची पडताळणी करावी आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. अखेरीस, रंग उतरणे, आटणे आणि शिवण उसवणे या उशिरा उघड होणाऱ्या दोषांसाठी 30 दिवसांहून मोठी मुदत ठरवण्याचा विचार व्हावा.

जिच्या नोकरीवर घराचा हप्ता, मुलांची फी आणि वृद्धांची औषधे अवलंबून आहेत, ती स्त्री कपड्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा जाब स्वतःला देत असते. तोच जाब कपडा विकणाऱ्यालाही देता यावा आणि द्यावा लागावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. तिचा पहिला टप्पा मान्य करण्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. असलेल्या नियमात काही ओळींची भर पुरेशी आहे, आणि ती घालण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

विनीत,
उज्जैन येथील एक ग्राहक नागरिक